अठराव्या रोज्याची सेहरी

काल संध्याकाळी नवऱ्याच्या बोटांतून खजूर पडला. एवढंच झालं. अजान व्हायला मिनिटभर होतं, तो ताटासमोर बसला होता, त्याने खजूर उचलला आणि तो निसटून ताटात पडला, घरंगळत पाण्याच्या पेल्याला टेकला. त्याने परत उचलला, परत पडला. ‘आज खजुरालाच घाई झालीये,’ असं काहीतरी तो म्हणाला आणि तिसऱ्या वेळी लहान मूल धरतं तसा त्याने तो अख्ख्या मुठीत धरला. तीही हसली. हसणं भागच होतं, कारण समोर तिचा धाकटा भाऊ बसला होता आणि तो हसत नव्हता. पण हसता हसता तिची नजर त्याच्या बोटांवर गेली. याच बोटांनी तो दिवसभर क्रेन चालवतो. जमिनीपासून वीस मीटर वर काचेच्या खोलीत बसून लोखंडी पत्र्यांचे दहा-दहा टनांचे गठ्ठे इकडचे तिकडे ठेवतो. आणि त्या बोटांना एक खजूर पेलेना!

जेवणं झाल्यावर धाकटा पेले विसळायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आला. जन्मात कधी पेला न विसळलेला माणूस. त्याने नळ मोठा सोडला आणि पाण्याच्या आवाजाआडून म्हणाला, ‘आपा, मी सांगितलं म्हणून भावजींना कळू देऊ नकोस. आज भार माझ्या डोक्यावरून गेला. एवढ्यावरून.’ त्याने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. धाकटा त्याच क्रेनखाली गठ्ठ्यांना साखळ्या अडकवायचं काम करतो. तिच्याच सांगण्यावरून नवऱ्याने त्याला तिथे चिकटवला होता, घरचा माणूस खाली असलेला बरा म्हणून. ‘मी थांबायचा हात केला होता. ते माझ्याकडेच बघत होते, आपा, पण बघत नव्हते. कसं सांगू? तुला रोज सांगतो ती वेळ झाली की असंच होतं हल्ली. घाम येतो, चिडतात, एक सांगितलं की दुसरंच करतात. मुकादमाने अजून पाहिलं नाही. पाहिलं की त्याच दिवशी खाली उतरवेल, आणि एकदा खाली उतरवलेल्या माणसाला परत कुणी वर चढवत नाही.’ ती म्हणाली, ‘मरू दे ती क्रेन. उतरवू दे.’ धाकटा म्हणाला, ‘ते आधीच पडले तर?’ मग त्याने नळ बंद केला, हात पुसले, आणि जाता जाता अगदी साधेपणाने विचारलं, ‘तू सेहरीला देतेस तरी काय त्यांना?’

हे एवढं वाक्य बोलून तो आपल्या घरी झोपायला गेला, आणि तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे साडेतीनला ती ओट्याशी उभी होती तेव्हाही ते वाक्य डोक्यात भणभणत होतं. देतेस तरी काय! काय दिलं नाही तिने? भिंतीवर रोज्यांचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, त्यात प्रत्येक तारखेसमोर तिने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं काय दिलं ते, आणि खाली बारीक अक्षरात, धाकट्याने चोरून कळवलेलं, किती वाजेपर्यंत टिकलं ते. दोन उकडलेली अंडी आणि पाव, अडीच. ओट्स, दूध, केळं, सव्वादोन. मसुराचं घट्ट सूप आणि दही, अडीचच. मग तिला वाटलं की त्याच्या साखरेच्या दुखण्याला गोड चालत नाही तर केळं कशाला, म्हणून केळं काढलं. मग खजूर काढला. मग पाव काढला, कारण पावाचीही पोटात साखरच होते असं मोबाइलमधल्या बाईने सांगितलं होतं. ही बाई रोज नवी सेहरी करून दाखवायची, पंधरा मिनिटांत, पोटभर आणि पौष्टिक. तिच्या ओट्यावर एक थेंब सांडलेला नसायचा आणि केस धुऊन वाळवलेले असायचे. पहाटे चारला कुणाचे केस असे असतात? तरीही ही त्या बाईचं ऐकत गेली. जसजसं ऐकत गेली तसतशी पेन्सिलीची वेळ मागे सरकत गेली. दोन. पावणेदोन. काल, सतराव्या रोज्याला, तीन अंडी, भिजवलेले बदाम आणि वाटीभर दही देऊनही, दीड. अन्न वाढत होतं आणि माणूस लवकर संपत होता. असं कुठे असतं?

असं नव्हतंच कधी, हेच तिला खात होतं. लग्नानंतरच्या पहिल्या रमजानात दोघंही सेहरीला उठली नव्हती. गजर वाजला होता म्हणे. दोघांपैकी कुणी बंद केला यावर पुढे दहा वर्षं भांडण चाललं. जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलेलं होतं. ती रडायलाच लागली, नव्या नवरीचा पहिला रमजान आणि नवरा उपाशी कामावर, सासूबाई काय म्हणतील. तो मात्र तोंड धुऊन, पोटात पाण्याचा घोट नसताना, शिट्टी मारत गेला आणि शिट्टी मारत परत आला. वर चढताना आज मीच हलका होतो, क्रेनला माझं ओझंच झालं नाही, असं सासूबाईंसमोर म्हणाला, आणि त्या म्हाताऱ्या बाईने दोघांनाही धपाटा घातला. अठ्ठावीस वर्षांचा होता तेव्हा. आता शेहेचाळीस. ठीक आहे, वय होतं, दुखणं लागतं. पण काहीच न खाता शिट्टी वाजवणारा माणूस एवढं खाऊन लटपटतो? तिने ओट्स भिजत घातलेलं भांडं पुढे ओढलं, झाकण काढलं, परत ठेवलं. आज काय द्यायचं हे तिला ठरवता येईना. चार वाजून गेले. ज्या घरात खाऊ घालायला दुसरं कुणी नाही, ना मूल ना बाळ, तिथे बाईची सगळी अक्कल एका माणसाच्या ताटात उतरते. आणि तिथेच ती कमी पडत असेल तर तिने जगात दुसरं केलं काय?

आठ महिन्यांपूर्वी दुखणं निघालं तेव्हाही तिनेच सगळं अंगावर घेतलं होतं. तो डॉक्टरकडे शर्टाची बटणं लावत गप्प बसून राहिला आणि डॉक्टर हिच्याशी बोलला. डॉक्टरला घाई होती, बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. त्याने चिठ्ठीवर दोन रेघा ओढल्या, एक सकाळची गोळी, एक संध्याकाळची, दोन्ही जेवणाआधी. रमजान तेव्हा लांब होता. त्याने विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. पुढे चंद्र दिसायला दोन दिवस उरले तेव्हा हिच्यापुढे पेच पडला, की संध्याकाळची गोळी द्यायची कधी? जेवणाआधी म्हणजे रोजा सोडायच्या आधी, ते तर शक्यच नाही. अजान होताच द्यावी, तर पहिला घास खजुराचा आणि पहिला घोट पाण्याचा असतो; दिवसभर तहानलेल्या माणसाच्या जिभेवर आधी औषध ठेवायचं? गोळीने रोजा सोडायचा? तिचं मन घेईना. खजुरानंतर द्यावी तर ती जेवणाआधीची राहत नाही. दोन दिवस तिने डोकं खाजवलं आणि मग तिला सुचलं, आणि सुचल्याचा तिला अभिमानच वाटला. दोन्ही गोळ्या पहाटेच द्यायच्या. पोट रिकामं असतं, वेळ मिनिटाला ठरलेली असते, आणि औषध दिवसभर अंगात राहिलं की उपाशी पोटी दुखणं डोकं वर काढणार नाही. एवढा कडक रोजा, तर औषधही तसंच हवं. पहिल्या रोज्यापासून आजवर तिने यात एकदाही चूक केली नव्हती.

चार वाजून वीस मिनिटांनी तिने त्याला उठवलं. तो उशीत तोंड खुपसून ‘पाच मिनिटं’ म्हणाला, रोज म्हणतो तसं, आणि तिने रोज ओढते तसं पांघरूण ओढलं. रात्रीची तरावीहची नमाज पढून यायला त्याला साडेदहा होतात. झोपेला उरतं काय? ताटात तिने शेवटी सगळंच वाढलं होतं, अंडी, सूप, दही, बदाम. त्याने ताट पाहिलं आणि म्हणाला, ‘मला जेवायला बसवलंयस की कापायला?’ ती हसली नाही. ती म्हणाली, ‘अहो, आजचा सोडा ना.’

‘काय सोडू?’

‘रोजा. आजारी माणसाला सूट असते. नंतर एकेक करून भरून काढता येतात. मौलवीसाहेबही तेच सांगतील, विचारा हवं तर.’

‘आजारी कोण आहे?’

‘काल खजूर धरता येत नव्हता तुम्हाला.’

तो अंडं सोलत होता. सोलता सोलता थांबला, आणि तिला वाटलं आता हा ऐकेल. पण तो म्हणाला, ‘अब्बांनी शेवटच्या वर्षी रोजे सोडले होते. डॉक्टरने सोडायला लावले. ते काय म्हणायचे माहितीये? म्हणायचे, तुम्ही सगळे उठता, भांडी वाजतात, मी अंथरुणात पडून ऐकतो आणि मला वाटतं मला आत्ताच पुरलंय.’ त्याने अंडं मिठाला लावलं. ‘माझा बाराव्या वर्षापासून एकही चुकलेला नाही. मी ठीक आहे. तू उगाच जीव टांगणीला लावून घेतेस.’ मग घड्याळाकडे बघून भराभरा चार घास घेतले. खाण्याआधी, रोजच्यासारखा, त्याने न बघता तळवा पुढे केला होता आणि तिने त्यावर दोन गोळ्या ठेवल्या होत्या. अठरा वर्षांत त्याने तिच्या हातचं काही बघून घेतलं नव्हतं. तिने स्वतः उभ्या उभ्या सूप प्यायलं, त्याच्या पेल्यात परत पाणी ओतलं, ‘अजून एक घोट घ्या, दोन मिनिटं आहेत,’ म्हणाली. अजान झाली. आता संध्याकाळपर्यंत तिच्या हातात काही नव्हतं. ती वेळापत्रकासमोर पेन्सिल घेऊन उभी राहिली आणि तिला ते सगळं लिहायचा कंटाळा आला, कंटाळाही नाही, भीती वाटली. तिने काहीच लिहिलं नाही.

दुरुस्तीच्या दुकानात तिचं मशीन खिडकीशी होतं. पँटच्या तळाची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर, पडद्यांच्या कडा. लोक जाडे होतात, बारीक होतात आणि तिचं पोट चालतं. त्या दिवशी तिने एका ग्राहकाच्या पँटचा पाय खालून शिवून टाकला. पाय आत घालायला वाटच नाही असा, सुबक, दुहेरी टाक्यांत. मालकीणबाईंनी ती पँट उलटी धरून पाहिली आणि म्हणाल्या, ‘हा माणूस उडी मारत चालणार आहे का?’ बाकीच्या दोघी हसल्या. तीही हसली आणि उसवायला बसली. उसवताना तिला दिसत होतं ते वेगळंच होतं. क्रेनवर चढायची शिडी दिसत होती. त्या शिडीला गोल लोखंडी कडी असतात म्हणे, माणूस मागे पडू नये म्हणून; पण कडी वरपर्यंत असतात की अर्ध्यापर्यंतच, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आणि तो पडलाच नाही, भार पडला तर? धाकट्याच्या डोक्यावर? आईने मरताना ज्याचा हात हिच्या हातात दिला होता तो भाऊ, आणि वर बसलेला तिचा नवरा, आणि मधे दहा टन लोखंड. तसं झालं तर नवरा तरी पुढे जगेल का? आई नव्हती हे बरं. कुणासमोर उभं राहायचं उरलं नव्हतं, तरी ती मनातल्या मनात आईसमोर उभी राहून सांगत होती, मी सगळं दिलं गं, अंडी दिली, बदाम दिले. सुई बोटात गेली. रक्ताचं बोट तिने सवयीने तोंडात घालायला नेलं आणि रोजा आठवून हात मागे घेतला, पदराला पुसला.

सव्वा वाजता बाकीच्या डबे उघडून बसल्या तेव्हा ती उठली. ‘औषधांच्या दुकानात जाऊन येते,’ म्हणाली. तिला सुचलेला हा शेवटचा उपाय होता. एका जाहिरातीत तिने ताकदीची पावडर पाहिली होती, दुधात दोन चमचे घातले की संध्याकाळपर्यंत शक्ती टिकते म्हणे. महाग होती. तिने आठवड्याभराचे पैसे मुठीत आवळले होते. औषधवाली बाई चष्मा कपाळावर चढवून एका डब्यावरचं बारीक वाचत होती. पन्नाशीची, जाडसर, कुणालाही न घाबरणारी. तिने पावडरचा डबा काढून ठेवला आणि विचारलं, ‘कुणासाठी?’

‘नवऱ्यासाठी. रोजे आहेत. दुपारी लटपटतात, घाम येतो. सेहरीला काय द्यावं काही कळेनासं झालंय. पटकन होणारं आणि टिकणारं असं काहीतरी हवंय.’

‘साखर आहे का त्यांना?’

‘आहे. पण गोळ्या चुकवत नाही मी.’

‘रोज्यात बदलून घेतल्यात ना? पहाटेची कमी, संध्याकाळची पूर्ण?’

‘नाही, दोन्ही पहाटेच देते,’ ती म्हणाली. आणि कौतुकाची वाट पाहत असल्यासारखी थांबली. होय, थांबली, हे तिला पुढे जन्मभर आठवणार होतं, की त्या क्षणी ती शाबासकीच्या अपेक्षेने उभी होती.

बाईने चष्मा डोळ्यांवर ओढला. ‘दोन्ही?’ ती म्हणाली. ‘आणि मग दिवसभर पोटात काही नाही?’ मग तिने गोळ्यांचं नाव विचारलं, हिने सांगितलं, आणि त्या न घाबरणाऱ्या बाईचा आवाज खाली आला. ‘अहो ताई, त्यांची साखर वाढत नाहीये. उतरतेय. ती गोळी साखर खाली ओढते. खायला मिळालं नाही तरी ओढतच राहते. आणि तुम्ही एकीच्या जागी दोन देताय. तुम्ही कितीही बदाम घाला वरून. कुठे आहेत ते आत्ता?’

‘वर,’ ती म्हणाली.

‘वर म्हणजे?’

‘क्रेनवर.’

बाईने पावडरचा डबा परत फळीवर ठेवला, ग्लुकोजची पुडी काढली, पाण्याची बाटली काढली, पुडी फोडून बाटलीत ओतली, झाकण लावून खळखळ हलवली आणि हिच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. ‘फोन करा, आधी उतरवा त्यांना, आणि हे पाजा. रोजा-बिजा काही ऐकू नका. पळा.’ पण फोन कुणाला करायचा? क्रेनवर फोन नेऊ देत नाहीत, खालच्यांनाही नाही, सगळ्यांचे फोन कपाटात कुलपाखाली असतात. तरी तिने लावला; रिंग कपाटात वाजत राहिली. तिने रिक्षा केली. रिक्षावाला सिग्नलला थांबला की ती ‘अहो चला ना’ म्हणायची आणि तो ‘बाई, लाल आहे’ म्हणायचा. बाटली तिने दोन्ही हातांत धरली होती. सतरा दिवस, आणि आजचा अठरावा. प्रत्येक पहाटे आपल्या हाताने. त्याने तळवा पुढे केला आणि आपण ठेवल्या. वर आणखी पाणी दिलं, अजून एक घोट घ्या म्हणून. एखाद्या वैरिणीनेही इतक्या नेमाने केलं नसतं. तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला आणि रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. अल्ला, तिने मनात म्हटलं, मी अडाणी आहे, मला काय करायचं ते कर, पण त्याला धरून ठेव, वरच धरून ठेव, मी येतेय. मग तिला वाटलं, असं सांगणारी मी कोण? आणि तरी ती सांगत राहिली, सगळा रस्ताभर, एकच वाक्य.

फाटकावर रखवालदाराने हात आडवा घातला. ‘पास नाही, हेल्मेट नाही. आत जाता येणार नाही.’ ती म्हणाली, ‘माझा नवरा क्रेनवर आहे, त्याला बरं नाही.’ रखवालदार म्हणाला, ‘वर आहे म्हणजे बराच असेल की.’ तेव्हा ती किंचाळली. काय किंचाळली तिलाही कळलं नाही, पण त्या माणसाने गुपचूप वायरलेस उचलला आणि धाकट्याचं नाव सांगितलं. फाटकाच्या गजांतून तिला क्रेन दिसत होती, पिवळी, अवाढव्य, आणि तिच्या पोटाशी लटकवलेली काचेची खोली एवढीशी. पत्र्यांचा गठ्ठा हवेत होता. तो चालला होता, एकसारखा, शांतपणे. धाकटा धावत आला. तिने गजांतून त्याची बाही धरली आणि सांगितलं, दोन वाक्यांत, जसं जमेल तसं. त्याचा चेहरा तिने पाहिला आणि पुढे पाहवला नाही. ‘आधी त्यांना उतरव,’ ती म्हणाली. तो मागे वळून पळाला, मोकळ्या जागी जाऊन त्याने दोन्ही हात आडवे पसरले. थांबायचा इशारा. गठ्ठा चालतच राहिला. धाकट्याने हात आणखी ताणले, उड्या मारल्या, ओरडला. गठ्ठा चालत होता. कुणीतरी शिट्टी फुंकली. मग गठ्ठा थांबला, झुलला, खूप वेळ झुलत राहिला, आणि हळूहळू, कुठे ठेवू कुठे नको असं करत खाली आला आणि टेकला. तिने श्वास सोडला. पण तो अजून वरच होता. आता शिडी होती.

धाकटा अर्ध्यावर चढून गेला होता, उतरणाऱ्या नवऱ्याच्या पायांखाली राहिला होता, एकेक पाय धरून पायरीवर ठेवत होता. रखवालदाराने आपल्या डोक्यावरचं हेल्मेट काढून हिच्या डोक्यावर घातलं आणि फाटक उघडलं. ती पोचली तेव्हा तो जमिनीवर उभा होता, एका हाताने शिडी धरून. शर्ट घामाने ओलाचिंब. मुकादम उभा होता, आणखी पाच-सहा माणसं उभी होती. त्याने तिला पाहिलं आणि तिला ओळखायला त्याला वेळ लागला, हे तिने पाहिलं.

‘तू इथे काय करतेस?’ तो म्हणाला. जीभ जड झाली होती. ‘काय तमाशा लावलाय? सगळ्यांसमोर?’

‘हे प्या.’

‘रोजा आहे माझा.’

‘मोडा. प्या आधी, मग बोला.’

‘चार तास राहिलेत.’ तो हट्टी मुलासारखा मान हलवत राहिला. ‘अठरावा आहे. चार तासांवर आलाय. मला काही झालेलं नाही. सेहरी चांगली होती तुझी. चांगली होती.’

गोळ्या, ती म्हणाली, गोळ्यांमुळे होतंय हे, मी दिल्या; पण ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, तो मान हलवतच होता. धाकट्याने त्याच्या तोंडाशी बाटली नेली तर त्याने ती झिडकारली. मुकादम म्हणाला, ‘जबरदस्तीने ओता.’ तिने बाटली काढून घेतली. तिच्या स्वतःच्या रोज्याला कसलीही सूट नव्हती, ना दुखणं ना प्रवास, ती धडधाकट होती आणि हे तिला नीट ठाऊक होतं. तिने त्याच्या डोळ्यांत बघत झाकण काढलं आणि एक मोठा घोट घेतला. गिळला. सगळ्यांसमोर. दहा तासांच्या कोरड्या तोंडात ती गोडी पसरली आणि तिच्या देहाला ती आवडली, याची तिला भयंकर लाज वाटली. तिने दुसरा घोट घेतला. ‘हे बघा,’ ती म्हणाली, ‘मी मोडला. आता मला एकटीला ठेवू नका.’

तो तिच्या ओल्या ओठांकडे बघत राहिला. काहीतरी त्याला कळलं, निदान एवढं कळलं की ही थट्टा नाही. त्याने बाटली घेतली. ती दातांवर आपटत होती म्हणून धाकट्याने खालून आधार दिला. त्याने अर्धी संपवली, थांबला, उरलेली संपवली. त्याला एका फळकुटावर बसवलं. कुणीतरी बिस्किटं आणली, ती त्याने मुकाट्याने खाल्ली. मुकादम घड्याळात बघत होता आणि कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. काय ते तिला ऐकायचंही नव्हतं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. घाम सुकला. त्याच्या गालांवर रंग आला, बोटं मांडीवर स्थिर झाली, आणि त्याने वर पाहिलं तेव्हा ते त्याचे डोळे होते, तिचे ओळखीचे. ती मनातून कोसळलीच. वाचला.

‘मघाशी तू काय म्हणत होतीस?’ त्याने विचारलं. आवाज स्वच्छ होता. ‘गोळ्यांचं काहीतरी.’

डॉक्टरने सांगितलंच नव्हतं, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. दुकानातून चुकीच्या आल्या, असंही म्हणता आलं असतं. धाकटा खाली मान घालून उभा होता, तो काही बोलला नसता. ती त्याच्यासमोर धुळीत उकिडवी बसली, डोक्यावर ते दुसऱ्याचं हेल्मेट, आणि म्हणाली, ‘संध्याकाळची गोळीही मी पहाटेच देत होते. दोन्ही एकदम. पहिल्या रोज्यापासून. त्यानेच होत होतं तुम्हाला हे. माझ्या हातून झालं.’

त्याने धाकट्याकडे पाहिलं, त्याच्या डोक्याकडे, आणि किती तरी वेळ तिकडेच पाहत राहिला. तिला वाटलं आता हा ओरडेल, आणि तिला ते हवं होतं, चारचौघांत, हवं तर हात उगारूनही. त्याने तिच्या कोपराला धरून तिला हलकेच उठवलं, साडीची धूळ झटकली. रागाचा लवलेश नव्हता. अनोळखी बाई वाटेत पडली असती तर तिलाही त्याने असंच उठवलं असतं.

‘उद्यापासून पहाटेचं माझं मी बघेन,’ तो म्हणाला. ‘तू झोप.’

ती हो म्हणाली.